पत्र्यावरचा पाऊस

माझं माहेर माहूरच्या डोंगरात, सासर खाली पैनगंगेकाठी. वर पाऊस झाला की आमच्याकडं ऊन असतानाही नदी फुगते. म्हणून दरसाल माझा धाकटा भाऊ आदिनाथ फोन करायचा, "ताई, नदीतली मोटर काढून घ्या."

उन्हाळ्यात त्यानं हक्कसोडीचा कागद पुढं केला. बाबांच्या जमिनीतला वाटा सोडायला मी न्हाई म्हणलं.

यंदा फोन आला न्हाई. डोंगर काळा दिसला तवा मीच लावला.

"पाऊस हाय का वर?"

"थेंब न्हाई, ताई. राहू द्या मोटर."

फोनात त्याच्या मागं माहेरच्या घराचे पत्रे तडतडून राहिले होते.

बरं म्हणलं आणि मोटर काढायला दोर उचलला. लहानपणी ते पत्रे वाजले की हा भ्यायचा, आणि मी त्याचे कान झाकून धरायची.