चव परत आल्यावर

तेवीस वर्षं सीमाच्या स्वयंपाकाचा निकाल रोज दोनदा लागायचा. निकाल द्यायचा तिचा नवरा गोवर्धन. अमरावतीच्या राजापेठेत त्याचं स्कूटर-मोटरसायकलच्या सुट्या भागांचं दुकान होतं आणि दुकानाच्या वरच्या मजल्यावर घर. दुपारी दीडला तो वर यायचा, पाटावर बसायचा, पहिला घास चावायचा आणि भिंतीकडे पाहत सांगायचा, "मीठ कमी." नाहीतर, "कांदा कच्चा राह्यला." चांगलं झालं असेल तर काहीच बोलायचा नाही. एकदा सीमाचा भाऊ जेवायला होता, म्हणून तिनं टीव्हीवर पाहिलेली पनीरची भाजी केली. गोवर्धननं ताट पुढे सरकवलं आणि भावाच्या देखत म्हणाला, "तुमच्या बहिणीले सांगा, इथं माणसं जेवतात." भाऊ खाली मान घालून जेवला. त्यानंतर सीमानं नवीन काही करायचं सोडलं. वरण, भात, पोळी, वांगं, तुरीच्या दाण्याची आमटी. त्याच्या आईनं जसं केलं, तसं.

गोवर्धन दिवसाला तंबाखू-सुपारीचे दहा-बारा खर्रे खायचा. मागच्या वर्षी उन्हाळ्यात गालाच्या आत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गालाचा एक भाग काढला आणि मग तेहतीस वेळा किरणांचा शेक घ्यायला सांगितला. अकोल्याच्या एका दवाखान्यात नंबर लवकर लागला. सोमवार ते शुक्रवार पहाटे उठून दोघं बडनेऱ्याला जायचे, तिथून गाडीनं अकोला, आणि दुपारच्या गाडीनं परत.

दुसऱ्या आठवड्यात त्याची चव गेली. आधी गोड गेलं, मग तिखट, मग सगळंच. तोंड दोन बोटांपुरतं उघडायचं, आत सगळी कातडी सोलवटलेली. वरणाच्या फोडणीतली एक मिरची लागली की तो टाचा आपटायचा. सीमा चमच्यानं भरवायची आणि तो म्हणायचा, "माती लागते." भात मातीचा, दूध मातीचं. पंधरा दिवसांत नऊ किलो वजन उतरलं. डॉक्टरांनी सांगितलं, असंच चाललं तर नाकातून नळी टाकावी लागेल.

त्याच सुमारास दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर तिच्या शेजारी सितारा बसू लागली. अकोल्याचीच. तिचा नवरा अब्दुल सत्तार गाद्या भरायचा. त्याचा आजार घशात होता. दोघांच्या नवऱ्यांचे नंबर मागेपुढे असायचे. पहिले तीन दिवस बाया नुसत्या एकमेकींच्या डब्याकडे पाहत राहिल्या. चौथ्या दिवशी सितारानं विचारलं, "तुमच्या इथं काय उतरते गळ्याखाली?"

"पाणी," सीमा म्हणाली. "तेही कुरकुर करत."

"आमच्या इथं फिरनी उतरते. तांदूळ आधी चांगला बारीक वाटून घ्या, मंग दुधात शिजवा. साखर कमी. घ्या, चाखून पाहा."

सीमानं चमचाभर घेतली. मग अजून एक चमचा घेतला. सितारा म्हणाली, "पाहा ताई, त्यायले तर चव समजत नाही. आपल्यालेच चाखा लागते. आपल्याले आवडलं नाही तं त्यायले द्याचं नाही, असा मी कायदा केला."

त्या दिवसापासून त्यांचं सुरू झालं. सितारा फोनवर पाककृती शोधायची. थंड देशातल्या बाया आजारी माणसाला काय देतात, दात नसलेल्या म्हाताऱ्याला काय देतात, असं काहीबाही तिला सापडायचं. लोणी घालून कुस्करलेला बटाटा. लाल भोपळा भाजून त्याचं सूप, वर चिमूटभर जायफळ. तांदूळ पळीनं ढवळत ढवळत दुधात शिजवलेला, इतका की त्याचा दाणा नाहीसा व्हावा. घरात लोणी नसेल तर साय, क्रीम नसेल तर काजू वाटून. सीमा घरी करून डब्यात न्यायची, सितारा तिच्या घरून आणायची, आणि नवरे आत मशीनखाली झोपलेले असताना दोघी बाकावर डबे उघडून खायच्या.

एकदा सितारानं कांदे गॅसच्या जाळावर पार काळे होईस्तोवर भाजले, सोलले, बटाट्याबरोबर दुधात शिजवले आणि गाळणीतून काढले. सीमानं घरी तेच केलं, पण दाटपणा यावा म्हणून ज्वारीचं पीठ तुपात भाजून घातलं. दुसऱ्या दिवशी सितारानं ते चाखलं आणि चमचा खाली ठेवला.

"काय झालं? बिघडलं का?"

"नाही व ताई. माही अम्मी याद आली. तिनं हे कधीच केलं नव्हतं, तरी काहून याद आली, समजत नाही."

 सीमाच्या हातच्या पदार्थानं कोणाला कोणाची आठवण यावी, असं कधी झालं नव्हतं.

गोवर्धनच्या पोटात तो कांदा-बटाटा गेला आणि राहिला. मग भोपळाही राहिला. वजन उतरायचं थांबलं. नळी टळली. तो काही बोलायचा नाही, कारण त्याला काही कळत नव्हतं. सीमा त्याच्यासमोर वाटी धरून बसायची, तो गिळायचा, आणि वाटी रिकामी व्हायची. निकाल लागत नव्हता. तेवीस वर्षांत पहिल्यांदा ती गाणं गुणगुणत भांडी घासत होती. हे लक्षात आलं तेव्हा तिनं नळ बंद केला आणि ओल्या हातांनी तशीच उभी राहिली. नवरा मरणाच्या दारातून परत येतोय आणि आपल्याला बरं वाटतंय ते कशामुळे, हे तिला नीट कळलं. ते तिनं कोणाला सांगितलं नाही.

शेक संपले. अमरावती-अकोला येणं-जाणं थांबलं, पण दोघींचं फोनवर बोलणं चालू राहिलं. सितारा रोज दुपारी बोलून निरोप पाठवायची. "ताई, आज मुगाची डाळ आन् दुधी, वरून पांढरं लोणी. खूब मस्त झालं." दिवाळीनंतर अब्दुल सत्तारचं गिळणं बंद झालं आणि त्याच्या पोटाला नळी लावली. सीमाला वाटलं, आता हिचा स्वयंपाक सुटेल. पण निरोप येतच राहिले. एकदा तिनं विचारलंच, "भाभी, आता कोणासाठी करता तुमी?"

"ते म्हणतात, पातेलं जवळ आण. वास घेतात. वास येते त्यायले." मग म्हणाली, "सून म्हणते, गॅस काहून जाळता. म्हणू दे."

जानेवारीत एका सकाळी सीमानं गोवर्धनला तोच भाजलेल्या कांद्याचा बटाटा दिला, वर जिऱ्याची फोडणी घालून. त्यानं चमचा तोंडात घेतला आणि थांबला. डोळे मोठे केले.

"अहो, काय झालं? लागलं का?"

"जिरं जळलं," तो म्हणाला.

सीमानं वाटी खाली ठेवली. तिनं त्याचा खांदा धरला आणि रडायला लागली. तोही रडला. जिरं खरंच जळलं होतं. दुपारपर्यंत नातलगांना फोन झाले, संध्याकाळी पेढे वाटले. सिताराला मात्र तिनं सांगितलं नाही. उद्या सांगू म्हणाली, परवा सांगू म्हणाली. त्या पोटाच्या नळीसमोर ही बातमी कशी ठेवायची, ते तिला सुचत नव्हतं.

आठ दिवसांत बाकीचं सगळं परत आलं, निकालही. वरण पातळ झालं. भात चिकट झाला. "हे बिमारीचं जेवण बंद कर आता, मले बुढा समजून राहिली का?" तिनं एक दिवस स्वतःपुरतं भोपळ्याचं सूप केलं, तर तो म्हणाला, "दोन-दोन सैपाक चालू झाले का या घरात?"

संक्रांतीनंतर गावातच राहणारी नणंद रागिणी आणि तिचा नवरा ललित त्याला बघायला आले. गोवर्धन गादीवर लोडाला टेकून बसला होता. चेहऱ्यावर जरा मांस आलं होतं. ललित म्हणाला, "वहिनीनं तुमाले वाचवलं, भाऊ."

"वाचवलं कायचं," गोवर्धन म्हणाला. "आठ महिने लापशी चारली इनं मले. नशीब चव नव्हती, नाहीतर तिथंच मेलो असतो."

रागिणी हसली. ललितही हसला. सीमा चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं ट्रे खाली ठेवला.

"चव तुमाले नव्हती," ती म्हणाली. "सैपाकाले होती."

 रागिणीनं चहा उचलला. पाहुणे गेल्यावर गोवर्धननं एवढंच विचारलं, "लोकाईसमोर बोलाले कोणं शिकवलं तुले?" आणि तीन दिवस तो बहिणीकडे जेवायला गेला. चौथ्या दिवशी घरी जेवला, कारण रागिणीकडे तिखट सोसलं नाही.

त्याच आठवड्यात सिताराचे निरोप बंद झाले. सीमानं दोनदा फोन केला, उचलला नाही. तिसऱ्यांदा सून हीनानं उचलला. "अब्बू गेले, ताई. मंगळवारी. अम्मी कोणाशी बोलत नाहीत."

सीमा दुसऱ्याच दिवशी अकोल्याला निघाली. गोवर्धनला तिनं फक्त सांगितलं, विचारलं नाही. पिशवीत स्टीलचा डबा होता. काय न्यावं हे तिला रात्रभर सुचलं नव्हतं, शेवटी सकाळी उठून भाजलेल्या कांद्याचंच केलं.

सिताराचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत कापसाची अर्धी भरलेली गादी गुंडाळून ठेवली होती. सितारा आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. पांढरी ओढणी, हातात बांगड्या नाहीत. ओट्यावर शेजारपाजारच्यांनी आणलेले डबे न उघडता ठेवलेले होते. सीमानं तिचा हात धरला. 

मग सितारानं विचारलं, "दाजीची चव आली का?"

सीमाला वाटलं, नाही म्हणावं. पण ते बाहेर पडलं नाही. "आली," ती म्हणाली. "बरेच दिवस झाले."

"अल्लाचा शुकर आहे." सितारानं खरंच डोळे मिटले. "मले काहून नाही सांगितलं? मी काय जळली असती?" मग पुढे सरकून बसली. "कायची चव आली पहिल्यांदा?"

"याचीच." सीमानं डब्याकडे हात केला. "कांद्याची."

"आपल्या कांद्याची?" सिताराचा चेहरा उजळला. त्या घरात त्या आठवड्यात कोणी असं पाहिलं नसेल. "मंग? काय म्हणले ते?"

सीमा हे सगळं सांगायलाच आली होती. जळलेलं जिरं, रागिणीचं हसणं, लापशी, सगळं. आख्ख्या अमरावतीत हे ज्याच्यापाशी बोलावं असं एक माणूस नव्हतं, म्हणून ती आली होती. तिनं सिताराकडे पाहिलं.

"चांगलं झालं म्हणले," ती म्हणाली.

"बस एवढंच?"

"दुसऱ्यांदा मागून घेतलं."

सितारा रडायला लागली. हीना दारात येऊन उभी राहिली, तर तिला म्हणाली, "ऐकलं का? मांगून घेतलं त्यायनं. आपला कांदा." मग तिनं स्वतःहून डबा उघडायला सांगितला आणि चार चमचे खाल्ले. हीनानं सीमाला बाहेर नेऊन सांगितलं की मंगळवारपासून हा पहिला घास होता.

संध्याकाळच्या गाडीला गर्दी होती. बडनेऱ्याच्या आधी गोवर्धनचा फोन आला. "किती वाजेलोक येतं? सैपाक व्हाचा आहे."

"आठ वाजतीन. वरणभात लावून घ्या."

"मले येत नाही."

"फोनमधी पाहा. मीही तसंच पाहून शिकली."

त्यानं फोन ठेवला. ती घरी पोचली तेव्हा दाराला कुलूप होतं. तो रागिणीकडे गेला होता. ओटा सकाळी तिनं पुसला होता तसाच कोरडा होता. तिनं चप्पल काढली, पाणी प्यायली आणि स्टुलावर बसली.

तेवढ्यात सिताराच्या नंबरवरून निरोप आला. आवाज हीनाचा होता. "ताई, अम्मी पुन्हा विचारून राहिल्या, चव आली तेव्हा काय म्हणले होते ते. मोहल्ल्यातल्या बाया बसल्या आहेत, त्यायले तुमच्या तोंडून ऐकायचं आहे. आवाज पाठवा ना."

सीमानं फोन तोंडाजवळ धरला. पहिल्यांदा बोललेलं तिनं पुसून टाकलं. दुसऱ्यांदा तिनं सावकाश, हसऱ्या आवाजात सांगितलं की त्यांनी पहिला चमचा घेतला, थांबले, आणि म्हणाले, असं आजपर्यंत खाल्लं नव्हतं.