तीन अक्षरांचा शेरा

साहेबरावांनी नोटीस पाटावर उलगडली आणि सहीच्या जागेवर बोट ठेवलं.

“इथं कर.”

त्यांच्या बहिणीने, मीनाबाईने, पिठाचे हात पदराला पुसले. “काय हाये?”

“सातबाराची दुरुस्ती. नेहमीचंच.”

“मंग दे. तू आणलाय म्हणल्यावर बराबरच असंल.”

तिने शाळेतल्यासारखं, एकेक अक्षर सुटं काढत नाव लिहिलं. अंबडहून मंठ्याला येताना साहेबरावांनी सगळा खुलासा मनात जुळवून ठेवला होता. तो द्यावाच लागला नाही.

वडील गेले तेव्हा शेताला एकट्या साहेबरावांचं नाव लागलं होतं, पुढे शेरा ‘ए.कु.मॅ.’, एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. जमीन नावावर त्यांच्या. पण सांभाळायची दोघा भावंडांसाठी. तिने आता हरकत नसल्याची सही केली होती. शेरा निघाला, की शेत त्यांच्या एकट्याचं.

“जल्दी न्हाई ना तुला?” तिने फडताळातून एक कागद काढला. “दिरानं दिलाय. म्हणले, वहिनी, सही करा, नेहमीचंच हाये. म्हणलं, माझा दादा आल्याबिगर न्हाई.”

साहेबरावांनी कागद वाचला. गाव वेगळं, गट नंबर वेगळा. बाकी मजकूर तोच.

“केली न्हाईस ना सही?”

“येडी हाये का मी? ती परकी माणसं. तुझी गोष्ट अलग. सांग, काय लिवलंय?”

‘करू नको’ एवढंच म्हणून उठता आलं असतं.

“तुझ्या सासरच्या जमिनीला दिराचं नाव हाये, पण मॅनेजर म्हणून,” ते म्हणाले. “मॅनेजर म्हंजी मालक न्हाई. दुसऱ्याचं सांभाळणारा. दाजी गेल्यावर त्यांचा हिस्सा तुझा, तो दिरापशी ठेवलेला हाये. हा शेरा निघाला, की उताऱ्यावर तुझं काहीच राहत न्हाई.”

“अन् हे त्याला ठाव हाये?”

“हाये.”

“तोंडावर हासत देऊन गेला की रे,” ती म्हणाली. “चहा बी पिला.”

साहेबरावांनी तिने आपल्यापुढे ठेवलेला चहाचा कप बाजूला सरकवला. मग आपली नोटीस उचलून दिराच्या कागदाशेजारी ठेवली.

मीनाबाईने दोन्ही कागदांकडे पाहिलं. भावाला काहीच न विचारता ती उठली आणि आतल्या खोलीत आपला चष्मा शोधू लागली.