मिटलेल्या पुस्तकाचं वाचन

हे कुणालाही पटणार नाही. पटणाऱ्या गोष्टी ऐकायच्या असतील तर शाळेत मास्तर आहेत, त्यांच्याकडे जा.

मी लाकडाच्या गाड्या हाकणारा माणूस. मुरबाडहून वैशाखऱ्याकडे जाता-येता मैलाच्या दगडांवरची नावं बघत वाचायला शिकलो. माझा ढवळ्या बैल माझ्याही आधी शिकला. वाट चुकली की दगडापाशी थांबून फुरफुरायचा. हसा, हसा. पण त्याला आमच्या शाळेत घातला असता तर मास्तरांनी पहिल्या नंबरानं पास केला असता, कारण हंबरण्यात तो कुणाला ऐकणारा नव्हता.

आमच्याकडं, डोळखांबच्या वरच्या अंगाला, वाचन कशाला म्हणायचे ते आधी समजून घ्या. मास्तर पुस्तक मिटून मांडीखाली घ्यायचे आणि म्हणायचे, हां, वाच. पोरगं डोळे मिटून, पुढं-मागं झुलत धडा ओरडायचं. न अडखळता शेवटापर्यंत गेलं की त्याला वाचता आलं. आईबाप शाळेच्या पडवीबाहेर उभे राहून ऐकायचे; आवाज जेवढा मोठा तेवढी विद्या मोठी. पुस्तक उघडून अक्षरांकडे बघत वाचणाऱ्याला सगळा पाडा हसायचा. याला अजून येत नाय, बघून वाचतोय. हे मी रचलेलं नाही. एवढा मूर्खपणा मला रचता येत नाही.

आणि अशा शाळेत ठकी. ती बघा, पलीकडं बायांत वाल सोलत बसलीय तीच. माझ्या मावसबहिणीची, धोंडीबाईची पोर. गोष्ट छत्तीस-सदतीस सालची, तेव्हा ती पंधराएक वर्षांची असेल. अंगानं वाढली, समज मागं राहिली. पाण्याला पाठवली तर कळशी विहिरीवर विसरून यायची, कधी आपलं घर सोडून दुसऱ्याच्याच घरात जाऊन बसायची. शाळेत पहिलीच्या पोरांत गुडघे पोटाशी घेऊन बसायची. मास्तर तिला तोंडावर 'धोंडा' म्हणायचे, आणि पोरं तेही घोकायची.

धोंडीबाईला नवरा नव्हता. लोकांच्या खळ्यावर मजुरीला गेली तरच चूल पेटायची. पोर रानात भरकटेल म्हणून ती कामावर जाताना ठकीच्या पायाला दोरी बांधायची, दुसरं टोक घराच्या मेढीला, मधल्या खांबाला. पाड्यातली गुरं मोकळी आणि ही बांधलेली. शाळा होती म्हणून तेवढा वेळ ती दोरी सुटायची. तर मास्तरांनी सांगून टाकलं, शाळाखात्याचे दिपोटीसाहेब तपासणीला येतायत. त्यांच्यासमोर ही वाचली तर ठेवतो, नाहीतर नाव काढतो. धोंडीबाई माझ्याकडे आली. रडली नाही. म्हणाली, "दादा, मला तिला बांधायची नाय."

भात झोडायचे दिवस. जमीनमालकाचा कारभारी भाताच्या राशीवर ओल्या राखेनं ठापा मारून जायचा. ठाप्याच्या लाकडात मालकाचं नाव उलटं कोरलेलं, ते राशीवर सुलटं उमटायचं. भात कुणी उपसलं तर नाव मोडायचं, म्हणजे चोरी कळायची. पोटाला भात नाही, पण नाव वाचायला मिळतंय, असा कारभार. ठकी त्या नावासमोर तासन् तास बसायची आणि अक्षरांवरून, त्यांना न शिवता, बोट फिरवायची. ते बघून मी जमिनीवर राख पसरली, 'सूप' लिहिलं आणि वर सूप ठेवलं. उचललं, दाखवलं, पुन्हा ठेवलं. दुसऱ्या दिवशी ती विसरली. तिसऱ्या दिवशीही विसरली. माझा आवाज चढला की कानांवर हात ठेवायची, मग तो दिवस फुकट. मी आवाज उतरवायला शिकलो. बैलानंही मला एवढं शिकवलं नव्हतं. खळं उरकत आलं तेव्हा एकदा सूप न ठेवता नुसतं 'सूप' लिहिलं. ठकी उठली, कोपऱ्यात गेली आणि सूप घेऊन आली.

मग भात, कोयता, विळा. 'कोंबडी' लिहिलं तर ती धरायला सगळा पाडा पळवला. 'वाघ' मी लिहिला नाही. आणला असता तिनं.

तिला घेऊन मास्तरांकडे गेलो. त्यांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, वाच. ठकी म्हणाली, उघड. मास्तर हसले. म्हणाले, बघून काय, कुणीही वाचेल. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, मग सगळ्यांना उघडून द्या ना, कळू दे तुमच्या शाळेत किती जण वाचतात ते. त्यांनी मला बैल बांधायला पाठवलं.

तपासणीच्या दिवशी धोंडीबाईनं ठकीला न्हाऊ घातलं, धुतलेलं लुगडं नेसवलं आणि शाळेच्या पडवीत आणून बसवलं. आता ऐका. दिपोटीसाहेब आले ते एवढ्या उंच घोड्यावरून की उतरायला शिडी लावावी लागली. उतरताच त्यांनी पोरांच्या हातात भलतंच पुस्तक उघडून दिलं. पोरांनी डोळे मिटून आपला जुनाच धडा ओरडला. साहेबांनी पान उलटलं तरी तोच, पुस्तक काढून घेतलं तरी तोच. मास्तरांच्या टोपीतून घाम गळायला लागला. मग साहेब ठकीसमोर जमिनीवर बसले आणि पुस्तक उघडं धरून थांबले. तिनं बोट ठेवलं, एक शब्द वाचला. मग दुसरा. साहेबांनी खिशातलं घड्याळ काढून बंद केलं. पान संपलं तसे साहेब उठले, मास्तरांना म्हणाले, खरा धोंडा कोण ते आज कळलं, आणि धोंडीबाईला ती दोरी घेऊन यायला सांगितलं. मास्तरांचा पाय त्यांनी स्वतः धरला आणि शाळेच्या मेढीला...

"मामा, दिपोटी आला नाय."

ठकी वाल सोलता सोलता बोलली. बायांचे हात थांबले. मी म्हटलं, गो, पुढचं ऐक तरी.

"नाय आला. मी बसले. मास्तर कुलूप लावून गेला. सकाळी आयनं बांधली."