तपकिरी बाटलीची साक्ष

मित्रांनो, जुनी आहे मी, पण फुटकी नाही! शाळेच्या प्रयोगशाळेतली तपकिरी काचेची बाटली मी. माझे बूचही काचेचे, माझ्याच गळ्याच्या मापाने घासलेले. दुसऱ्या कुठल्या बाटलीला ते बसायचे नाही. कारखान्यात माझ्याबरोबर शेकडो पांढऱ्या बाटल्या तयार झाल्या. त्या मला काळी म्हणून हिणवायच्या आणि मी हिरमुसून बसायची. माझा हा रंग कशासाठी आहे, ते मला शाळेत आल्यावर कळले.

तिथे माझ्यात क्लोरिनचे पाणी भरले गेले. हा क्लोरिन हॅलोजनांच्या घराण्यातला. थोरला फ्लोरिन, फिकट पिवळा वायू. तो इतका तापट, की शाळेने त्याला कधी उंबरठा ओलांडू दिला नाही. काचेलासुद्धा सोडत नाही म्हणे, तेव्हा आमची गाठ पडली नाही तेच बरे! दुसरा क्लोरिन, हिरवट पिवळा वायू. तिसरा ब्रोमिन, तांबूस तपकिरी द्रव. चौथा आयोडिन, काळसर चकचकीत स्थायू; तापवला की त्याची जांभळी वाफ होते. प्रत्येकाच्या बाहेरच्या कक्षेत सात इलेक्ट्रॉन आणि आठव्याची सगळ्यांना हाव. पण या घरात धाकटेच अंगाने मोठे. अणू मोठा झाला की बाहेरची कक्षा केंद्रकापासून लांब जाते आणि आठवा इलेक्ट्रॉन ओढून आणायची ताकद कमी होते. म्हणून क्लोरिन ब्रोमाइडमधून ब्रोमिनला आणि आयोडाइडमधून आयोडिनला बाहेर काढतो. बळी तो कान पिळी! धाकट्यांची मात्र थोरल्याला हलवायची टाप नाही.

वीस वर्षे मी हे पाणी सांभाळले. ऊन लागले की त्यातला क्लोरिन नाहीसा होत जातो, म्हणून रसायनशास्त्राचे जुने सर ते ऊन अडवणाऱ्या माझ्या तपकिरी काचेतच भरत आणि वर मला अंधाऱ्या कपाटात ठेवत. मला धुण्याचे काम मावशींचे. मावशी प्रयोगशाळेच्या मदतनीस. भांडी विसळता विसळता त्यांनी सरांचा एकूण एक तास ऐकला होता. सर हसून म्हणत, "मावशी, तुमचे कान परीक्षेला बसवले तर पहिले येतील!"

मग सर निवृत्त झाले. नव्या पांढऱ्या बाटल्या आल्या, स्वच्छ, आरपार दिसणाऱ्या. क्लोरिनचे पाणी त्यांतल्या एकीत गेले आणि मला खिडकीत ठेवून माझ्यात कुठल्याशा वेलीची काडी खोचली. मावशींनी माझे बूच तेवढे दोऱ्याने गळ्यात बांधून ठेवले. ती पांढरी बाई माझ्या शेजारीच उन्हात मिरवत उभी! म्हटले, मिरव बाई, नव्याचे नऊ दिवस. पण माझे ऐकतो कोण?

प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशी घोटाळा झाला. मावशींनी फळीवरच्या बाटल्या धुवायला घेतल्या आणि तिघींची लेबले सुटून घमेल्यात तरंगू लागली. पोटॅशियम क्लोराइड, पोटॅशियम ब्रोमाइड आणि पोटॅशियम आयोडाइड यांची ती द्रावणे. तिन्ही पाण्यासारखी बिनरंगी! नवी द्रावणे करावीत तर कपाटातली पूड संपलेली, आणि सकाळी बाहेरचे परीक्षक येणार. मावशींनी धावत जाऊन रसायनशास्त्राच्या बाईंना सगळे सांगितले.

"काळजी करू नका मावशी," बाई म्हणाल्या. "क्लोरिनचं पाणी घातलं की कळेलच." बाई वयाने लहान, पण मनाने मोठ्या. त्यांनी तीन परीक्षानळ्या घेतल्या, पांढऱ्या बाटलीतले थेंब टाकले आणि वाट पाहिली. काही झाले नाही. पुन्हा थेंब टाकले. तिन्ही नळ्या आपल्या ढिम्म!

तेवढ्यात मुख्याध्यापक आत आले. त्यांनी नळ्या पाहिल्या आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. "एकीतही रंग नाही? म्हणजे तिन्हींत नळाचं पाणी! मावशी, द्रावणं सांडलीत आणि पाणी भरून ठेवलंत ना? परीक्षा झाली की तुम्ही फाटकावर बसायचं. प्रयोगशाळेत पाय ठेवायचा नाही."

"सर, लेबलं माझ्याकडून सुटली, ते मी लगेच सांगितलं," मावशींचा आवाज कापत होता. "पण पाणी मी भरलेलं नाही."

"ते उद्या बघू," म्हणून ते निघून गेले. संताप संताप झाला माझा. वीस वर्षांत ज्या बाईने एक थेंब लपवला नाही, तिला खोटारडी म्हणायचे?

मावशींनी पदराने डोळे पुसले आणि त्या पांढरी बाटली उघडून तिच्यावरून हाताने वारा नाकाकडे घेऊ लागल्या. मग थबकल्या. "बाई, याला वासच नाही हो! क्लोरिनचं पाणी असं मुकाट हुंगू देतं का कधी? नाक झोंबायला हवं. आणि तो हिरवट रंग कुठाय? उन्हात राहून शिळं झालंय हे."

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई! दोन महिने खिडकीत ठेवलंय मीच!"

आणि मग मावशींचे लक्ष माझ्याकडे गेले. वेलीची काडी निघाली, मी घासूनपुसून लख्ख झाले. बाईंनी धूर ओढणाऱ्या कपाटात ताजा क्लोरिन तयार करून पाण्यात सोडला. ते पाणी माझ्यात आले, बूच घट्ट बसले आणि मी पुन्हा माझ्या अंधाऱ्या कपाटात गेले. एवढा आनंद मला नवी असतानाही झाला नव्हता.

सकाळी मुख्याध्यापक आले, सोबत परीक्षक. दारात मुले उभी. बाई म्हणाल्या, "मावशी, तुमच्याच हातानं होऊ दे."

मावशींनी माझ्यातले दोन थेंब पहिल्या नळीत टाकले. काहीच नाही. "बघा!" मुख्याध्यापक म्हणाले.

"हे क्लोराइड आहे, सर," मावशी शांतपणे म्हणाल्या. "क्लोरिन स्वतःलाच कसा हाकलेल?"

"मग ते पाणी नाही कशावरून?"

बाईंनी पुढे होऊन त्याच द्रावणाच्या दुसऱ्या नळीत सिल्व्हर नायट्रेट टाकले. दह्यासारखा पांढरा साका धरला. नळाच्या पाण्याने एवढा साका कधी धरला नसता.

मावशींनी पुढच्या नळीत थेंब टाकले. द्रावण झरकन नारिंगी झाले! "हा ब्रोमिन बाहेर पडला." तिसरी नळी तपकिरी झाली. तिच्यात स्टार्चचे द्रावण पडताच असा गडद निळा रंग आला, की मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला. "आणि हा आयोडिन," मावशी म्हणाल्या. आता त्यांचा आवाज कापत नव्हता.

परीक्षक उठून उभे राहिले. "इतक्या नेटकेपणानं हा प्रयोग मी फार दिवसांनी पाहिला."

मुख्याध्यापकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग सगळ्या मुलांसमोर म्हणाले, "मावशी, चुकलो मी. ही प्रयोगशाळा तुमची आहे. फाटकावर बसायचंच झालं तर मी बसेन." मुले हसली, आणि मावशी रडता रडता हसल्या. जिंकलो, मित्रांनो, आम्ही जिंकलो! त्या दिवशी चाळीस मुलांनी माझ्यातले थेंब वापरले, आणि एकाचाही प्रयोग फसला नाही.

तेव्हा माझे एवढे ऐका. काम झाले की माझे बूच घट्ट लावा आणि मला उन्हात ठेवू नका. आणि रंग आला नाही म्हणून कुणाला खोटे ठरवण्याआधी आपल्या हातातले पाणी ताजे आहे का, ते एकदा हुंगून पाहा.