जयवंताबाईची साक्ष

“पारध्याले घरात कोन घेईन, जमादारसाहेब? आन् थेही विधवा बाईच्या घरात?” रुपराव म्हणाले आणि हसले.

जमादार उंबऱ्याबाहेरच उभा होता. रुपरावांच्या खांद्यावरून त्याने आत पाहिलं. जयवंताबाई मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसली होती. हातात धोटा होता, पण माग थांबलेला होता.

“बाई, थो लालसिंग म्हणते का बाजाराच्या दिवशी दुपारभर थो तुमच्या घरी होता. खरं हाय का?”

तिने तोंड उघडण्याआधीच रुपराव म्हणाले, “सांगतलं ना साहेब. जीव वाचवासाठी मानूस काहीही बोलते.”

जमादाराला तेवढं पुरेसं होतं. तो सायकलवर टांग टाकून निघून गेला. जयवंताबाईने धोटा फेकला, पावडी दाबली आणि पुन्हा काम सुरू केलं. गप्प राहिल्यानेही खोटं बोलणं होतं, हे तिला त्या क्षणी सुचलं नाही. ते रात्री अंथरुणावर पडल्यावर सुचलं.

रुपराव तिचे धाकटे दीर. नवरा गेल्यापासून सूत तेच आणून देत आणि विणलेली लुगडी तेच नागपूरला नेऊन विकत. उमरेडच्या कोष्टी वस्तीत त्यांच्या शब्दाला वजन होतं. माणूस वाईट नव्हता. प्रेमलताचं, म्हणजे जयवंताबाईच्या एकुलत्या एका मुलीचं, लग्न त्यांनीच खटपट करून नागपुरात महाल भागातल्या मारोतरावांच्या मुलाशी जमवलं होतं. साखरपुडा झाला होता. दुष्काळ नुकताच सरला होता आणि बऱ्याच दिवसांनी त्या घरात लग्नाच्या गोष्टी निघत होत्या.

बाजाराच्या दिवशी झालं होतं ते असं. सगळी गल्ली बाजाराला गेलेली, प्रेमलताही काकूबरोबर गेलेली. जयवंताबाई मागावर बसायला गेली तर खड्ड्यात घोणस. पाय आत सोडणार तेवढ्यात फुसकारा ऐकू आला म्हणून वाचली. ती धावत दारात आली. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. फक्त खांद्यावर तितरांचं जाळं टाकून एक पारधी चालला होता. तिने त्यालाच हाक मारली.

लालसिंगने खड्ड्यात वाकून पाहिलं. साप तळाच्या फटीत शिरला होता. वर ताणा लावलेला, लुगडं अर्धं झालेलं. धूर करता येत नव्हता, पाणी ओतता येत नव्हतं. “दार लाव बाई,” तो म्हणाला. “उजेड असला का थो बाहेर येत नाही. आन् कोनी मधे आलं, शेपटावर पाय पडला, तं थो सोडनार नाही.” तिने दार लावून आतून कडी घातली. तो खड्ड्याच्या काठावर काठी घेऊन बसला, ती चुलीजवळ. दोघं फारसं बोलले नाहीत. मधे तिने त्याला पाणी दिलं. ऊन ओट्यावरून उतरलं तेव्हा कुठे साप बाहेर आला. लालसिंगने तो मडक्यात धरला, तोंडाला फडकं बांधलं आणि नाल्याकडे नेऊन सोडला.

त्याच दुपारी बाजारपेठेतल्या एका व्यापाऱ्याच्या बंद घरात चोर शिरले. म्हातारा राखणदार मधे आला, त्याला डोक्यात मार बसला आणि तो दवाखान्यात मेला. नाल्याकाठी पारध्यांची पालं होती. दुसऱ्या दिवशी लालसिंगला तिथून उचललं.

जमादार येऊन गेल्यावर आठ-दहा दिवसांनी एक बाई जयवंताबाईच्या दारात उभी राहिली. कडेवर पोर, हातात रिकामी टोपली.

“मी लालसिंगची बायको,” ती म्हणाली. “मले थो खड्डा दाखव.”

“काहून वं?”

“थो म्हणते साप होता. मले पाहू दे.”

जयवंताबाईने तिला आत घेतलं. बाई खड्ड्यापाशी उकिडवी बसली. तळाच्या फटीकडे तिने बराच वेळ पाहिलं, मग हात घालून फट किती खोल आहे ते चाचपलं.

“मंग खरं बोलला थो,” ती स्वतःशीच म्हणाली आणि उठली. रडणं नाही, पाया पडणं नाही. दारातून बाहेर पडताना जयवंताबाईनेच तिला विचारलं, “वकील कोन हाय त्याचा?”

“सरकारनं देला. मनोहरराव नाव हाय. नागपूरले कोर्टात बसते.”

त्या संध्याकाळी भाकरी थापताना जयवंताबाईने प्रेमलताला त्या दुपारचं सगळं सांगितलं, आणि आपण स्वतः नागपूरला जाऊन साक्ष देणार हेही. प्रेमलता चुलीतला जाळ सारत होती, तिचा हात थांबला.

“माय, माहं लगन मोडन.”

“हो, मोडन तं.”

“थो सुटला तं आपल्याले काय भेटन?”

“काही नाही.”

“मंग काहून जाऊन राहिली?”

जयवंताबाईची भाकरी उलटायची राहिली, भाकरीला काळा डाग पडला.

“थो त्या दिवशी इथं होता ना वं,” ती शेवटी म्हणाली.

रुपरावांना कळलं तेव्हा ते ओरडले नाहीत. ओट्यावर बसून त्यांनी समजावलं. “वहिनी, तुम्ही काही खोटं बोलू नका. फक्त जाऊ नका. न गेल्यानं कोनाचं पाप लागत नाही. पारध्यांची जात, आज ना उद्या कशात तरी सापडनारच होता थो.” जयवंताबाई मान खाली घालून ऐकत राहिली. दिरासमोर ती कधी बोलली नव्हती. पण वकिलाला तिने निरोप धाडला होता, आणि तारखेच्या सकाळी ती एस.टी.त बसून गेली.

मनोहरराव वकील वयस्क, थकलेले गृहस्थ होते. त्यांनी तिला एवढंच सांगितलं, “बाई, ते तुमची अब्रू काढतील. मी मधे उठेन, पण सगळं थांबवता येणार नाही.”

तसंच झालं. सरकारी वकील तरुण होता, आवाज मऊ होता.

“दार उघडं होतं की बंद?”

“बंद.”

“कोणी लावलं?”

“म्या.”

“आतून कडी?”

“हो.”

“तुम्ही विधवा. घरात दुसरं कोणी नाही. परका पुरुष, तोही पारधी. दुपारभर. आणि आतून कडी.” तो थांबला. मागच्या बाकावर कोणी तरी हसलं. “शेजाऱ्यांना, दिराला, सख्ख्या मुलीला, कोणालाही सांगितलं नाहीत. का?”

“लाज वाटली.”

“कशाची लाज वाटली, बाई?”

त्याला हवं असलेलं उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. मनोहरराव उठायला लागले होते. जयवंताबाईने पदर सारखा केला.

“पारधी घरात घेतला त्याची. लोकं काय म्हणतीन म्हणून. त्यानं माहा जीव वाचवला, आन् ज्या गडव्यानं त्याले पानी देलं, थो म्या राखेनं घासला. तरी मन मानलं नाही. मंग निखाऱ्यावर धरला.”

न्यायाधीशांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा लिहू लागले. लालसिंग पिंजऱ्यात उभा होता. तो खाली आपल्या पायांकडे पाहत होता.

साक्षीची बातमी तिच्याआधी उमरेडला पोचली. रुपरावांनी तिच्या ओट्यावर येणं सोडलं. सूत ती आता स्वतः विणकरांच्या सोसायटीतून आणू लागली आणि लुगडी पडेल त्या भावाला देऊ लागली. महालातून निरोप आला की मुलाला इतक्यात लग्न करायचं नाही. साखरपुड्याची साडी तेवढी परत पाठवावी.

साडी द्यायला मायलेकी गेल्या तो दिवस निकालाचा होता, हे जयवंताबाईने मुद्दामच जुळवलं होतं की काय, हे प्रेमलताने विचारलं नाही. मारोतरावांच्या बायकोने, इंदुताईंनी, दारातच साडी घेतली. घडी उलगडून पाहिली नाही.

“तुम्ही खोटं बोललात असं मी म्हणत नाही,” इंदुताई म्हणाल्या. “पण आम्हाला चार लोकांत राहावं लागतं.”

“आम्हालेही,” जयवंताबाई म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. ती आपलं जे होतं ते सांगत होती.

कोर्टाच्या व्हरांड्यात मनोहरराव भेटले. लालसिंग सुटला होता. संशयाचा फायदा मिळाला, ते म्हणाले.

“म्हणजे माहं खरं मानलं?”

वकिलांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. “खोटं आहे असं म्हणता येत नाही, एवढं मानलं.”

“बरं,” ती म्हणाली. प्रेमलता शेजारी उभी होती, तिने आईकडे पाहिलं. आईच्या चेहऱ्यावर काही फरक नव्हता.

संध्याकाळी दोघी स्टँडवर आल्या. उमरेडच्या गाडीत जागा मिळाली, खिडकीची. गाडी अजून अर्धी रिकामी होती. बाहेर, फलाटाच्या टोकाला, जेलमधून सुटून आलेला लालसिंग आणि त्याची बायको बसली होती. पोर मांडीवर झोपलं होतं. लालसिंगची दाढी पांढरी झाली होती.

त्याने गाडीकडे पाहिलं. खिडकीतली जयवंताबाई त्याला दिसली, तिच्या मागे बसलेली गावची माणसंही दिसली. दोघांची नजर क्षणभर भेटली असेल. मग त्याने बायकोला काही सांगितलं आणि दोघांनीही तोंड दुसरीकडे वळवलं.

“हाच का वं थो?” प्रेमलताने विचारलं.

“हो.”

कंडक्टर दारात उभा राहून ओरडत होता. त्याने त्या दोघांनाही विचारलं, “उमरेड का गा? चाल, बस, जागा हाय.”

लालसिंगने मान हलवली. “तुम्ही जा साहेब. आमी मांगून येतो.”

घंटी वाजली. गाडी हलली, फलाट मागे सरकू लागला. गावचे चार-पाच जण गाडीत होतेच. त्यांनी मायलेकींना पाहिलं होतं आणि फलाटाच्या टोकालाही पाहिलं होतं.

“माय,” प्रेमलता हळू म्हणाली, “याच्या मांगं तं गाडी नाही.”

खिडकीची काच अडकली होती, ती जयवंताबाईने दोन्ही हातांनी वर ढकलली आणि वळून पाहत राहिली. ती दोघं तशीच, गाडीकडे पाठ करून बसली होती.