बिडाच्या पंपाला निळा रंग

"आधी त्याला तांब्याभर पाज, मग त्याच्याकडं हंडाभर माग." नवऱ्याचा हा आवाज वहिनीच्या कानात राहिला होता, तो लग्नाच्या पहिल्या वर्षातला. चौकातला ओतीव लोखंडाचा, बिडाचा हातपंप तेव्हाही म्हाताराच. त्याचा दट्ट्या कसा उपसायचा, चामड्याचा वायसर तेलात कसा मुरवायचा, हे नवऱ्यानं तिला हसतखेळत शिकवलं होतं.

तो गेला आणि पंप तिच्या पदरात पडला. नाव मात्र दिराचं झालं. बाईच्या हातातला पाना लोकांना रुचणार नाही, म्हणून ती उजाडायच्या आत दुरुस्ती उरकी आणि उजाडल्यावर धाकटा दीर पाना घेऊन पंपाशेजारी उभा राही. लोक त्यालाच मिस्त्री म्हणू लागले. होता रंगारी, पण हाक गोड लागली, त्यानं ठेवून घेतली. पाणी येतंय ना, मग झालं, असं म्हणून वहिनीनंही मनावर घेतलं नाही.

आता रस्ता रुंद होणार होता. पंपाला जुना वारसा म्हणून संरक्षण मिळालं तरच तो वाचणार. पाहणीला पुरातत्त्व खात्याच्या मॅडम येणार म्हटल्यावर दिराच्या अंगात आलं. आदल्या दिवशी त्यानं पंपाला नखशिखांत निळा रंग चोपडला. सांधेसुद्धा सोडले नाहीत.

मॅडमनी दांडा दाबून पाहिला. हलेना.

"नवरदेव सजवला, पण पाय बांधून," शेजारची म्हातारी पुटपुटली.

मॅडम रागावल्या नाहीत. रंग खरवडता येईल, रस्त्यासाठी पंप जागचा हलवणार नाहीत, म्हणाल्या. पण बीड ठिसूळ झालेलं; रोज लक्ष ठेवणारं जाणतं माणूस असेल तरच पाणी चालू राहील, नाहीतर दांड्याला साखळी. वहिनीनं दांड्याकडे पाहिलं. साखळीतला पंप म्हणजे भिंतीवरचा फोटो, नुसता बघायचा.

मिस्त्री कोण, असं विचारताच सगळ्या माना दिराकडे वळल्या. जरा उघडून दाखवा, मॅडम म्हणाल्या.

दिरानं पाना घेतला, तो उलटा. कुणीतरी खोकलं. वहिनी पुढे झाली, पाना त्याच्या हातून अलगद काढून घेतला. खिळ्यानं सांध्यातला रंग उकरला, पिन ठोकून सरकवली आणि दट्ट्या वर ओढला. वायसर लोण्यासारखा मऊ होता.

मिस्त्रीनं वहिनीला चांगलं तयार केलंय, गर्दीत कौतुक झालं. दीर हसणार होता. इतकी वर्षं तसंच हसत आला होता. पण तिच्या तेलकट, निळ्या बोटांवर त्याची नजर अडली आणि कान लाल झाले.

"मॅडम, मिस्त्री मी नाही," तो म्हणाला. "दादा गेल्यापासून पंप वहिनीच सांभाळते. मी नुसता रंग देतो. आणि तोही कुठं द्यायचा नाही, ते कळत नाही मला."