संबंधित विषय

कापड रंगवायच्या कारखान्यात तिला सगळे नजरबाई म्हणत. तोंडावर म्हणत आणि मान देऊन म्हणत, त्यामुळे तिने कधी वाईट वाटून घेतलं नाही. गिऱ्हाइकाने पाठवलेला कापडाचा तुकडा हातात आला की नजरबाई खिडकीशी जायची, मान जराशी तिरकी करायची आणि सांगायची, "यात निळा चिमूटभर जास्त झालाय. पिवळ्याला हात लावू नका." एकवीस वर्षं ती हेच करत आली होती. एवढ्या वर्षांत तिचं फार तर दोनदा चुकलं असेल, आणि त्यातल्या एका वेळी तिला ताप होता.

हुद्दा मात्र मदतनीसाचा. रंगखात्याचं प्रमुख व्हायला पदवी हवी. "कोणत्याही शाखेचा पदवीधर," असं नियमात लिहिलेलं होतं. ते नजरबाईने सहा वर्षांपूर्वी स्वतः वाचलं, कंबर कसली आणि संध्याकाळच्या कॉलेजात नाव घातलं. कामाची पाळी संपल्यावर शिकता येतील असे तिथे तीनच विषय होते. तिने इतिहास घेतला. का, तर इतिहासाची सगळी पुस्तकं ग्रंथालयात फुकट मिळत होती. विषय निवडायला याहून थोर कारण असावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी आधी आठ तास उभं राहावं आणि मग वर्गात डोळे उघडे ठेवून दाखवावेत.

खरा अभ्यास व्हायचा तो सकाळी, स्वयंपाकघरात. ती भाजी चिरायची आणि लेक ओट्यावर बसून पुस्तक मोठ्याने वाचायची. लेक तेव्हा बारा वर्षांची होती. कुठल्या राजाने कर का वाढवला, दुष्काळात गाव सोडून गेलेली माणसं परत आली का, यावर दोघी भाजी करपेपर्यंत भांडायच्या. "आई, तू राणी असतीस तर एवढा मोठा महाल बांधूच दिला नसतास," लेक म्हणायची. "झाडणार कोण होतं तो?" नजरबाई विचारायची. त्या सकाळी तिच्या आयुष्यातल्या सगळ्यात सुखाच्या होत्या, पण हे तिने कधी कुणाला सांगितलं नाही. सांगायला सवड कुठे होती?

या वर्षी ती पदवीधर झाली. प्रमाणपत्र घेऊन ती कारखान्याच्या कचेरीत गेली. तिथल्या अधिकाऱ्याला सगळे परिपत्रक म्हणत, कारण हा गृहस्थ परिपत्रक निघाल्याशिवाय शिंकतसुद्धा नसे.

"अभिनंदन हं," परिपत्रक म्हणाला. "पण ताई, नियम बदललाय. दीड वर्ष झालं. आता संबंधित विषयातलीच पदवी लागते. म्हणजे रसायनशास्त्र."

"मला कुणी सांगितलं नाही ते."

"फलकावर लावलं होतं की. चांगलं आठवडाभर."

त्या आठवड्यात नजरबाई परीक्षेच्या रजेवर होती.

"मग आता रसायनशास्त्र करते मी."

"त्याला शाळेत विज्ञान घेतलेलं लागतं."

"म्हणजे परत शाळेत जाऊ मी? या वयात?"

परिपत्रकाने नियमावली काढली आणि खरोखरच पानं उलटली. "वयाची अट काही दिसत नाही," तो म्हणाला.

प्रमुखाच्या जागेवर संबंधित विषय आला. पंचवीस वर्षांचा, पहिल्या वर्गात पास झालेला, बोलायला गोड. नजरबाईला वाटलं होतं आपण याचा दुस्वास करू, पण तेही धड जमेना. पोरगा आल्यापासून प्रत्येक तुकडा घेऊन तिच्याकडेच यायचा. "ताई, तुम्हीच एकदा बघा," असं म्हणायचा. रंग मोजणाऱ्या यंत्राने दिलेले आकडे त्याला तोंडपाठ असत. कापडाकडे मात्र तो फारसा बघत नसे.

शनिवारी दुपारी पडद्याचं हिरवं कापड पाठवायचं होतं. यंत्राने पसंत केलं आणि त्याने सही करायला पेन उघडलं. नजरबाईने तुकडा घरातल्यासारख्या पिवळ्या दिव्याखाली धरला.

"साहेब, थांबा. हे तपकिरी पडतंय."

त्याने नमुना आणि कापड शेजारी शेजारी धरलं. बराच वेळ बघितलं.

"थोडासा फरक आहे खरा," तो म्हणाला.

थोडासा? आंधळ्यालाही दिसावा एवढा फरक होता. नजरबाईने एकदा त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"साहेब, तुम्हाला दिसत नाही का हे?"

त्याने उठून दार लावून घेतलं.

"लहानपणापासून," तो म्हणाला. "हिरवा आणि तपकिरी मला एकच वाटतात."

"अहो, मग या धंद्यात कशाला आलात?"

"मी कुठे आलो? बाबांनी आणून सोडलं. मला नकाशे काढायचे होते, ताई. भूगोल घ्यायचा होता. बाबा म्हणाले, भूगोलाला कोण विचारतं? रसायनशास्त्र घे, कधी उपाशी राहणार नाहीस." तो कसंनुसं हसला. "नाही राहिलो उपाशी."

"मग सोडा ना आता. वय काय तुमचं!"

"सोडून जाऊ कुठे? नकाशाच्या कचेरीत दोनदा अर्ज केला. त्यांनाही संबंधित विषयच लागतो." मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "कुणाला सांगणार नाही ना?"

नजरबाईला त्याची दया आली आणि न पाहिलेल्या त्या बापाचा भयंकर राग आला. सांगून तरी काय होणार होतं? हा गेला तर दुसरा संबंधित विषय येणार, ती नव्हे. कापड परत रंगाच्या कढईत टाकायला सांगून ती घरी निघाली. वाटभर तिच्या मनात एकच होतं. बापाने एकदा, फक्त एकदा, पोराला नीट विचारलं असतं तर!

घरी लेक संगणकासमोर बसली होती. विद्यापीठाचा अर्ज सहा वाजता बंद होणार होता. साडेपाच वाजले होते.

"सगळं भरून झालं, आई. तू आलीस की पाठवायचा म्हणून थांबले."

नजरबाईने वाकून पाहिलं. विषय: इतिहास.

डोळ्यांपुढे कचेरीतलं ते टेबल आलं, उलटलेली पानं आली. ही पोरगी चाळिशीत अशीच कुणा परिपत्रकापुढे उभी असेल, आणि तो म्हणेल, अभिनंदन हं.

"रसायनशास्त्र घाल," ती म्हणाली.

"काय?"

"शाळेत विज्ञान होतं तुझं, मार्कही आहेत. मिळेल."

"पण आई, मला जुन्या दप्तरांवर काम करायचंय. मी तुला सांगितलं होतं ना?"

"इतिहासाला कोण विचारतं?"

वाक्य तोंडातून गेलं आणि नजरबाईला ते ऐकू आलं. दुपारी हेच ऐकून तिने एका परक्या बापाला मनातल्या मनात लाखोली वाहिली होती. आता त्या बापाला काय वाटलं असेल तेही तिला कळलं. त्याला भीती वाटली असेल, दुसरं काय? पण कळलं म्हणून शब्द मागे घ्यावेत एवढं बळ तिच्यात नव्हतं.

लेक तिच्याकडे बघत राहिली. "तुला तरी आवडायचा ना? सकाळी आपण वाचायचो तेव्हा?"

"छे. पदवी हवी होती म्हणून केला."

इतकं धडधडीत खोटं ती जन्मात बोलली नव्हती. लेकीच्या चेहऱ्यावरून काहीतरी पुसलं गेल्यासारखं झालं. तिने हळूच अर्जाच्या मागच्या पानावर जाऊन विषय बदलला. पडद्यावर सूचना आली, एकदा दिलेला विषय बदलता येणार नाही, खात्री आहे का?

"दाबू?" लेकीने विचारलं.

नजरबाई वाट बघत होती. ओट्यावर बसून राजांशी भांडणारी ही पोरगी, आता भांडेल. आदळआपट करेल, रडेल, म्हणेल की आयुष्य माझं आहे, तू कोण ठरवणारी? एकदा जरी ती नाही म्हणाली तरी नजरबाई तिथल्या तिथे हार मानणार होती. त्या हरण्यासाठी तिचा जीव अगदी आसुसला होता.

"आई?"

"तुला काय वाटतं?" नजरबाईने कसंबसं विचारलं.

"तुला जास्त कळतं यातलं," लेक म्हणाली आणि तिने कळ दाबली.